चाहूलपट्टी

चाहूलपट्टी कानामागे बसवल्यावर पहिले तीन दिवस उर्मिला ढोमसेला काहीच जाणवलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती खडकओढ्याच्या शिवारात उसाच्या कडेनं चालली होती आणि एकाएकी तिचे पाय थांबले. आवाज नव्हता, वास नव्हता, पानही हललं नव्हतं. तरी उजव्या हाताला, चार-पाच सऱ्या आत कुणीतरी आहे, हे तिला लख्ख कळलं. तिनं शिट्टी वाजवली आणि मजुरांना बांधावर घेतलं. वीस मिनिटांनी उसाच्या दुसऱ्या टोकातून एक बिबट्या बाहेर पडला आणि घाई नसल्यासारखा रस्ता ओलांडून ओढ्यात उतरला. ड्रोनच्या पडद्यावर तोवर तो ऊस रिकामा होता.

उर्मिला छत्तीस वर्षांची, सहजीवन केंद्रात बिबट्यांचा माग काढायच्या कामावर. त्या भागातले बिबटे आता जंगलातले राहिलेच नव्हते. त्यांच्या आठ-दहा पिढ्या उसातच जन्मल्या, उसातच वाढल्या. उष्णता टिपणारे ड्रोन गावोगाव आले, पण बारा फूट वाढलेल्या उसाखाली आणि तापलेल्या दुपारी सगळं एकाच रंगाचं दिसायचं. तोडणीच्या हंगामात कोयता घेऊन वाकलेली बाई बिबट्याला चार पायांच्या जनावरासारखी दिसते. दर वर्षी अशा एक-दोन बाया जायच्या. म्हणून पुण्याच्या एका खाजगी संशोधन संस्थेचे डॉ. अश्विन पळसुले ही पट्टी घेऊन आले, तेव्हा केंद्रातल्या आठही जणांनी फारशी चौकशी न करता कागदांवर सह्या केल्या.

पळसुले पन्नाशीचे होते. आवाज मऊ, आणि समोरच्याला आपलं म्हणणं कळलंच पाहिजे असा ध्यास. केंद्राच्या सभागृहात त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

"लाखो वर्षांपूर्वीचं गवत डोळ्यांसमोर आणा," ते म्हणाले. "ते हललं. वाऱ्यानं हललं असेल किंवा वाघानं. वारा असताना वाघ समजून जो पळाला, तो नुसता दमला. वाघ असताना वारा समजून जो बसून राहिला, त्याचा वंश तिथंच संपला. आपण सगळे त्या पळणाऱ्यांची लेकरं आहोत."

त्यामुळे माणसाचा मेंदू 'काय आहे' हे विचारायच्या आधी 'कोण आहे' हे विचारतो, असं त्यांचं म्हणणं. कानाच्या थोडं वर आणि मागे, कवटीच्या आत ही चौकी आहे. पट्टी त्या जागेवर ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचे बारीक ठोके टाकते. ती नवीन काही दाखवत नाही. पाखरं एकदम गप्प होणं, वाऱ्याच्या उलट दिशेला एखादं पातं हलणं, पाचटातून येणारा उग्र दर्प, हे सगळं आपले कान-नाक टिपतच असतात. मेंदू त्यातलं शंभरातलं नव्व्याण्णव निरुपयोगी म्हणून टाकून देतो. पट्टी ते टाकू देत नाही.

"म्हणजे डॉक्टर, ही संशय वाढवते," उर्मिला म्हणाली.

पळसुल्यांनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि ते मान्य केलं.

त्या हंगामात केंद्राच्या आठ गावांत एकही हल्ला झाला नाही. वर्तमानपत्रांत फोटो आले. हंगाम संपला तरी पट्टी चालूच होती, कारण उन्हाळ्यात बिबटे पाण्यासाठी वस्त्यांजवळ येतात. पट्टी संध्याकाळी काढून डबीत ठेवायची असे. पण वाट एकदा मळली की गुरं आपोआप त्याच वाटेनं जातात, तसं काहीसं मेंदूचं होत असावं. उर्मिलाला पट्टी नसतानाही चाहूल लागायला लागली. स्वयंपाकघरात फडताळाजवळच्या कोपऱ्यात कुणीतरी होतं. ते अंगावर येणारं नव्हतं. नुसतं बघत होतं.

तिचे वडील शाळेत विज्ञान शिकवत. माहेरी देवघर नव्हतं. लहानपणी ती अंधाराला घाबरली की वडील कंदील घेऊन तिला घराचा एकेक कोपरा दाखवायचे आणि विचारायचे, दिसतंय का कुणी? तिनं आताही तेच केलं. कोपरा झाडला, फडताळ पुढं ओढून मागं पाहिलं, भिंतीवर हात फिरवला. कुणी नव्हतं. पण ते बघणं काही थांबलं नाही.

चौथ्या महिन्यात एका सकाळी तिनं त्या कोपऱ्यात वाटीभर पाणी ठेवलं. का ठेवलं, हे तिला सांगता आलं नसतं. ज्याची नजर चुकवता येत नाही त्याच्याशी निदान वैर नको, इतकंच काहीतरी मनात होतं. ठेवल्यावर बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी बदललं.

तिच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं, ते पाहिलं. त्याची टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची रोपवाटिका होती. शांत माणूस, घरातल्या देवघरात रोज दिवा लावणारा. बारा वर्षं तो बायकोला देवाला निदान नमस्कार तरी कर म्हणून हसत-हसत सांगत आला होता. तीच बायको आता कोपऱ्यात पाणी ठेवते आणि तो त्यावर एक शब्द बोलत नाही, हे उर्मिलाच्या मनाला टोचलं.

मग तिला आणखी दिसायला लागलं. फोन आला की तो रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीआड जातो. लाकडी कपाटाचा खालचा खण हल्ली बंद असतो. बुधवारी दुपारी तो खत आणायला जातो आणि कधी कधी खताशिवायच परत येतो. ती जेवताना एकदम समोर पाही, तर तो तिच्याकडे पाहत असे आणि नजर ताटात वळवी. पट्टीआधी यातलं काहीच तिला दिसलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. आणि म्हणूनच आपण बघतोय ते खरं की पट्टीनं उकरलेलं, हे तिला ठरवता येईना.

तिनं रज्जाकभाईंना विचारलं. रज्जाक शेख तिच्याबरोबरच माग काढायचे. त्याआधी पंचवीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला होता. ओढ्याच्या कडेला बसून डबा खाताना तिनं भीत भीत विषय काढला, तर त्यांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली. मग म्हणाले की मुलाचा फोन आपण चोरून तपासतो, हे बायकोला कळलं आणि ती आठ दिवस बहिणीकडे जाऊन राहिली आहे.

"आधी नमाजाला उभं राहिलो की वर कुणीतरी ऐकतंय हे मनाला बजावावं लागायचं," ते म्हणाले. "आता बजावावं लागत नाही. पण ताई, तो ऐकतोय की नुसती पाळत ठेवतोय, हे काही उमगेना."

पुढच्या बुधवारी उर्मिला निवृत्तीच्या मागोमाग गेली. तो खताच्या दुकानावरून पुढं निघाला आणि हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात शिरला. ती दुचाकी लावून दारात आली, तेव्हा तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. समोर डॉक्टर पळसुले होते. निवृत्तीनं पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढून त्यांच्यासमोर ठेवली.

ती जाऊन तिसऱ्या खुर्चीवर बसली आणि वही ओढून घेतली. पहिल्या पानावर तारीख होती आणि निवृत्तीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'सकाळी ६.४०. पाण्याची वाटी ठेवली. दोन मिनिटं उभी राहिली. ओठ हलले नाहीत.'

"किती दिवस चाललंय हे?" तिनं विचारलं.

निवृत्तीनं पळसुल्यांकडे पाहिलं. पळसुले बोलले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. कराराच्या अकराव्या पानावर घरातल्या वागण्याची नोंद कुटुंबीयांकडून घेतली जाईल असं लिहिलं होतं आणि त्याखाली तिची सही होती. आठही घरांत अशा वह्या होत्या. निवृत्तीला ही वही देऊन चार महिने झाले होते.

मग त्यांनी सभागृहात न सांगितलेला अर्धा भाग सांगितला. कुणीतरी आहे ही जाणीव जनावरापासून वाचायला उपयोगी, हे खरं. पण जनावर नसतानाही ती जाणीव गेली नाही, तर माणूस काय करतो? जुन्या माणसानं काय केलं असेल? पुरलेल्या हाडांशेजारी गेरू सापडतो, गुहेत आत खोलवर हातांचे ठसे सापडतात, त्यावरून लोक अंदाज बांधतात. ते घडताना कुणी पाहिलं नव्हतं.

"तुमच्यापैकी सहा जणांनी चौथ्या-पाचव्या महिन्यात काहीतरी ठेवायला सुरुवात केली," पळसुले म्हणाले. बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला होता. "कुणी पाणी, कुणी फूल, एकानं विडी. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही ते केलं नसतं, किंवा आमच्यासाठी म्हणून केलं असतं."

"म्हणजे बिबट्या हे निमित्त होतं."

"नाही. ते काम खरं होतं. हेही खरं आहे."

उर्मिलानं वही मिटली. "माझ्या घरात कुणीतरी माझ्यावर नजर ठेवून आहे असं मला चार महिने वाटत होतं," ती निवृत्तीकडे वळून म्हणाली. "मी कोपऱ्यात शोधत राहिले. ते तुम्ही होतात."

निवृत्तीनं चहाचा पेला हातात धरला होता. तो त्यानं खाली ठेवला नाही आणि ओठालाही लावला नाही.

घरी येऊन तिनं उन्हं उतरेपर्यंत ओट्यावर बसून वही वाचली. निवृत्ती रोपांना पाणी देत होता, मध्येच थांबून तिच्याकडे बघत होता. सुरुवातीच्या नोंदी कोरड्या होत्या: वेळ, वाटी, किती मिनिटं. तिसऱ्या महिन्यापासून त्यात दुसरंच काही मिसळायला लागलं होतं. 'आज जेवली नाही. विचारलं तर भूक नाही म्हणाली.' 'झोपेत दचकते. डॉक्टरांना सांगितलं. पट्टी काढा म्हटलं. थांबू म्हणाले.' 'आज माझ्याशी चार वाक्यं बोलली. चारही प्रश्नच होते.'

नंतर निवृत्ती ओट्याच्या पायरीवर येऊन बसला आणि स्वतःहून सांगू लागला. पळसुल्यांनी त्याला सांगितलं होतं की तिचा त्रास वाढला तर तो वेळीच कळावा म्हणून ही वही आहे. तिला सांगितलं तर नोंदी निरुपयोगी होतील आणि मग तिच्यावर कुणाचंच लक्ष राहणार नाही. त्याला ते पटलं होतं. पुढं पटेनासं झालं, पण तोवर सांगायची हिंमत राहिली नाही.

तिला हे सगळं खरं वाटलं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की ती शेवटची वाक्यं त्यानं कधीतरी ही वही आपल्या हाती लागेल हे ओळखून लिहिली असतील. तिनं शाई पाहिली. सगळीकडे सारखीच होती. पण सारखी शाई काय सिद्ध करते? आपला एक संशय खरा ठरला होता आणि तेच वाईट झालं होतं. आता प्रत्येक संशय त्या एकाकडे बोट दाखवून म्हणत होता, मीही तसाच. कंदील घेऊन सगळे कोपरे दाखवणारे वडील तिला आठवले. माणसाच्या मनात कंदील नेता येत नाही, एवढं तिला त्या ओट्यावर कळलं.

तिनं दुसऱ्या दिवशी पट्टी केंद्रात जमा केली. पळसुल्यांनी खूप समजावलं. पुढच्या हंगामात काही झालं तर जबाबदारी कुणाची, असंही विचारलं. तिनं डबी त्यांच्यासमोर सरकवली. रज्जाकभाईंनी मात्र पट्टी ठेवली. आता काढली तर ओसाड वाटेल, म्हणाले. पाळत का असेना, कुणी आहे तर खरं.

ते ओसाड वाटणं म्हणजे काय, हे उर्मिलाला तीन आठवड्यांनी कळलं. फडताळाजवळचा कोपरा एके दिवशी नुसता कोपरा झाला. तिनं वाटी उचलून घासली आणि मांडणीत ठेवली. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि घर एकदम मोठं झाल्यासारखंही. निवृत्तीशी ती बोलत होती, भाजी काय करायची, पाहुणे कधी यायचे, इतपत. पूर्वी त्याच्यावर विश्वास ठेवायला काही करावं लागत नसे. तो श्वासासारखा चालूच असे. आता तो दर वेळी ठरवून ठेवावा लागत होता आणि बऱ्याचदा तिच्यानं तो ठेववत नव्हता.

दिवाळीनंतर तोडणीच्या टोळ्या आल्या. खडकओढ्यात बीडकडची टोळी उतरली, मुकादम शहादेव आणि बारा कोयते. पहिल्याच सकाळी सगळे फडाच्या कडेला उभे राहिले आणि उर्मिलाची वाट पाहू लागले. गेल्या हंगामातली तिची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. ड्रोन दोनदा फिरून आला होता. पडद्यावर काही नव्हतं. नियमाप्रमाणे तेवढं पुरे होतं. 'चला' म्हटलं असतं तरी तिला कुणी दोष दिला नसता.

"ताई, आत हाय का कुणी?" टोळीतली सोजर नावाची बाई पुढं येऊन म्हणाली. चाळिशीची, काटक, कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली.

उर्मिला उसाकडे तोंड करून उभी राहिली. तिनं श्वास रोखला. काहीच लागलं नाही. समोर फक्त ऊस होता.

"मला काही कळत नाही," ती म्हणाली. "माझी पट्टी मी परत केली. ड्रोन म्हणतो कुणी नाही. पण ड्रोन मागंही चुकलाय."

"मग आमी कुणाच्या भरवशावर वाकायचं?"

उर्मिला मुकादमाकडे वळली. तिनं शहादेवला ओढ्याकडच्या बाजूला एकही माणूस ठेवू नको म्हणून सांगितलं. ट्रॅक्टरवरचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, एक दांडकं घेतलं आणि स्वतः पुढं होऊन फडात शिरली. पट्टी असताना ती कधी अशी घाबरली नव्हती, कारण तेव्हा धोका कुठल्या दिशेला आहे ते कळायचं. आता तो सगळीकडे होता, किंवा कुठंच नव्हता. दहा पावलांवर तिचे पाय पुढं जाईनात. डबा वाजवायचाही हात थांबला. आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"आम्ही येतोय," ती उसाला उद्देशून म्हणत होती. "बाया आहेत, बारा कोयते आहेत. तुझं कुणी काही घेत नाही. पोरं असतील तर ती घे आणि ओढ्याकडं जा. त्या बाजूला कुणी नाही."

मागून सोजरनं तेच आपल्या बोलीत म्हटलं. मग तिसरीनं. थोड्या वेळात बाराजणी ओळीनं पुढं सरकत होत्या, डबा वाजत होता आणि जी ती आत असलेल्या किंवा नसलेल्या कुणालातरी समजावत होती. एकीनं तर आपल्या घरी लहान मूल आहे, हेही सांगितलं.

पाऊण तासानं शहादेवच्या फोनवर ओढ्याजवळच्या कॅमेऱ्याचं चित्र आलं. एक मादी आणि तिचे दोन बछडे उसातून निघून ओढा ओलांडत होते. चित्र सगळ्यांच्या हातातून फिरलं. कुणी आरडाओरडा केला नाही. सोजरनं एक चांगला जाड ऊस तोडला, ओढ्याकडच्या बांधावर नेऊन आडवा ठेवला आणि हात जोडले. बाकीच्या बायांनीही जोडले.

उर्मिला ते पाहत उभी राहिली. हे कसं घडलं ते तिला पायरी-पायरीनं माहीत होतं. भीती होती, आवाज केला, आवाजानं जनावर उठलं, एक बाजू मोकळी मिळाली म्हणून तिकडून गेलं. ती ते सोजरला तिथंच समजावून सांगू शकली असती. वडील असते तर त्यांनी नक्की सांगितलं असतं. तिनं सांगितलं नाही.

दुपारी पळसुल्यांचा फोन आला. टोळीतल्या कुणीतरी चित्रफीत काढून पुढं पाठवली होती. ती त्यांनी तीनदा पाहिली होती. पट्टी नसताना तिला आत काय जाणवलं, असं त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग तुम्ही बोललात कुणाशी?"

तिनं खरोखर विचार केला. "ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "बोलले नसते तर माझा पाय उचलला नसता, एवढं माहीत आहे."

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मग पळसुल्यांनी हळू आवाजात विचारलं की हे आपण लिहून घेतलं तर चालेल का. ती नाही म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते खरंच लिहिणार नाहीत का, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

तीन वाजता दुसरा फड धरायचा होता, वरच्या अंगाचा. ड्रोन पुन्हा कुणी नाही म्हणाला. टोळी जागेवर येत होती, तेवढ्यात निवृत्ती बांधावरून चालत आला. रोपवाटिकेच्या कामातून उठून तसाच आला होता. हाताला माती होती. त्यानं चित्रफीत पाहिली असणार. तो काळजीनं आलाय की बघायला आलाय, हे शोधत तिनं त्याचा चेहरा नीट पाहिला. घामेजलेला, थकलेला, ओळखीचा चेहरा होता. त्याच्या पलीकडचं तिला काही दिसलं नाही.

"मी येऊ का मागं?" त्यानं विचारलं.

उर्मिलानं डबा आणि दांडकं त्याच्या हातात दिलं. मग ती वळली आणि उसात शिरली. पाती गालाला घासत होती. पाच पावलांवर उजेड कमी झाला. ती बोलायला लागली, सकाळी बोलली होती तसंच. मागून डब्याचा आवाज येत होता, आणि त्याच्या मधल्या शांततेत पाचटावर पडणारी पावलं. ती कुणाची आहेत हे तिला माहीत होतं. तरी मागं वळून पाहावंसं वाटलं, फार वाटलं. तिनं वळून पाहिलं नाही.